मोतीबिंदू : नेपाळने दिलेला धडा

म्हातारपणी दिसेनासे व्हायचेच, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. केस पिकतात, दात पडतात, तसे डोळेही जातात, अशी समजूत. घरातले वडीलधारे माणूस भिंत चाचपडत न्हाणीघराकडे जाऊ लागले, ताटात कोणती भाजी वाढली आहे हे विचारू लागले, की घरचे लोक त्याचा हात धरतात, वाटी जवळ सरकवतात. पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्याचे काम मात्र सुगीनंतर, सुट्टीत, दिवाळी झाल्यावर असे पुढे ढकलले जाते. वास्तविक म्हातारपणी येणाऱ्या अंधत्वाचा मोठा भाग मोतीबिंदूमुळे असतो आणि मोतीबिंदूने गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदू हा त्या मानाने दयाळू आजार आहे. निष्काळजीपणा असतो तो आपला.

ही गोष्ट आपल्या शेजारच्या नेपाळने जगाला फार चांगल्या रीतीने दाखवून दिली. डोंगराळ मुलूख, रस्ते नाहीत, पैसा नाही, डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढे १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे यादवी आणि २०१५ साली मोठा भूकंप. अशा देशात परदेशी आणि स्वदेशी नेत्रतज्ज्ञांनी अंधत्वाशी लढा दिला. त्यांनी काय केले, त्यात कुठे अडले आणि अडचण कशी सुटली, हे समजून घेतले तर आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या डोळ्यांचेही भले होईल.

आधी मोजणी, मग उपचार

भारतात देवी रोगाचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. देवीने किती जणांचे डोळे नेले हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. देवी निर्मूलनासाठी आलेल्या डॉक्टरांपैकी काही जणांच्या मनात पुढे असे आले की, एवढा मोठा रोग जर गावोगाव फिरून संपवता येतो, तर टाळता येण्याजोगे अंधत्व का संपवता येऊ नये? लॅरी ब्रिलियंट हे अमेरिकन डॉक्टर, निकोल ग्रासे या बाई आणि त्यांचे सहकारी अशांपैकी होते. १९७८ साली अमेरिकेत ‘सेवा फाउंडेशन’ स्थापन झाले. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे संस्थापक डॉ. जी. वेंकटस्वामी हेही त्यात होते. त्याच वर्षी नेपाळात डॉ. राम प्रसाद पोखरेल यांच्या पुढाकाराने ‘नेपाळ नेत्र ज्योती संघ’ सुरू झाला.

या मंडळींनी लगेच ऑपरेशनला हात घातला नाही. आधी देशात अंध किती आणि कशाने, याची मोजणी केली. १९८१ च्या पाहणीत नेपाळच्या तराईपासून उंच डोंगरापर्यंत १०५ ठिकाणी सुमारे चाळीस हजार लोकांचे डोळे तपासले गेले. दर हजार माणसांत आठहून अधिक माणसे दोन्ही डोळ्यांनी अंध आढळली. त्या वेळच्या दीड कोटी लोकसंख्येत हा आकडा एक लाखाच्या वर जातो. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश लोक मोतीबिंदूने अंध होते. म्हणजे ज्यांना आंधळे म्हणून घरच्यांनी कोपऱ्यात बसवले होते, त्यांतले बहुतेक जण कायमचे आंधळे नव्हतेच. त्यांच्यापर्यंत डॉक्टर पोचला नव्हता, एवढेच.

या पाहणीतून आणखी एक उपयोगी गोष्ट समजली. उंच डोंगरावर ऊन कडक, म्हणून तिथे मोतीबिंदू अधिक असेल, असा अंदाज होता. निघाले उलटेच. डोंगराळ गावांत भोवतालच्या शिखरांची सावली लवकर पडते. सपाट तराईत मात्र सूर्य दिवसभर डोक्यावर. ज्या ठिकाणी सरासरी बारा तास सूर्य दिसे, तिथे सात तास दिसणाऱ्या ठिकाणांपेक्षा मोतीबिंदूचे प्रमाण सुमारे पावणेचारपट होते. आपल्या उघड्या शेतशिवारात दिवसभर राबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रुंद काठाची टोपी, कपाळावर पुढे घेतलेले मुंडासे किंवा पदर हे साधे उपायही डोळ्यांना ऊन कमी लागू देतात.

मोतीबिंदू म्हणजे नेमके काय?

आपल्या डोळ्यात, काळ्या बाहुलीच्या मागे, मसुराच्या दाण्याच्या आकाराचे एक पारदर्शक भिंग असते. बाहेरचा प्रकाश या भिंगातून जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडतो आणि आपल्याला दिसते. वय वाढते तसे हे भिंग गढूळ होऊ लागते. अंड्यातला पांढरा बलक कच्चा असताना पारदर्शक असतो आणि उकडल्यावर पांढरा होतो, तसाच काहीसा हा प्रकार. बाहुलीत मोत्यासारखा पांढुरका ठिपका दिसतो म्हणून मोतीबिंदू हे नाव. नेपाळी भाषेतही हाच शब्द आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर बाहेरून चढलेला पडदा नव्हे, की डोळ्यात वाढलेले मांसही नव्हे. म्हणूनच कोणत्याही थेंबाने, काजळाने, अंजनाने तो विरघळत नाही. वय हे त्याचे मुख्य कारण. मधुमेह, तंबाखू-विडी, डोळ्याला लागलेला मार आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना महिनोन्महिने घेतलेली स्टेरॉइड जातीची औषधे यांमुळे तो लवकर येतो. क्वचित तान्ह्या मुलातही असतो. तशा मुलाला अजिबात वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.

याची चाल सावकाश असते. धुक्यातून पाहावे तसे दिसते, दिव्याभोवती वलये दिसतात, रात्री समोरून येणाऱ्या मोटारीच्या उजेडाने डोळे दिपतात, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. एक गंमतशीर लक्षणही आहे. काही आजोबांची चाळिशी एकदम सुटते आणि ते चष्म्याविना वर्तमानपत्र वाचू लागतात. घरात कौतुक होते. प्रत्यक्षात भिंग आतून घट्ट होऊ लागल्याने नंबर बदललेला असतो आणि ती मोतीबिंदूची सुरुवात असू शकते.

शिबिरे आणि जाड काचेचे चष्मे

१९८० च्या आसपास नेपाळात, आणि आपल्याकडेही, मोतीबिंदूवर मोठी शिबिरे भरत. शाळेच्या खोल्यांत बाके जोडून ऑपरेशने होत. परदेशातून आलेले नेत्रतज्ज्ञ स्वतःची रजा खर्च करून, विनामोबदला दिवसभर उभे राहून काम करत. त्यांच्या सेवाभावाबद्दल शंका नाही. पण त्या काळच्या पद्धतीत गढूळ भिंग संपूर्ण काढून टाकत आणि त्याच्या जागी डोळ्यात काहीच बसवत नसत. त्याची भरपाई म्हणून रुग्णाला बाटलीच्या बुडासारखा जाड काचेचा चष्मा मिळे. आपल्यापैकी अनेकांनी आजीच्या डोळ्यांवर तो पाहिला असेल. त्यातून वस्तू मोठी आणि जवळ दिसे, बाजूचे दिसत नसे, पायरीचा अंदाज चुके.

आता विचार करा. डोंगरातल्या बाईला एवढे ऑपरेशन होऊन चष्मा मिळाला. पुढच्या पावसाळ्यात घसरून पडली आणि चष्मा फुटला. गावापासून चष्म्याचे दुकान दोन-तीन दिवसांच्या चालीवर. ती बाई पुन्हा आंधळी. शिबिराच्या अहवालात तिचे ऑपरेशन यशस्वी म्हणून नोंदलेले आणि डॉक्टर आपल्या देशात परतलेले. नुसत्या येऊन-जाऊन होणाऱ्या सेवेतली उणीव ही अशी होती.

त्याच काळात श्रीमंत देशांत मात्र भिंग काढल्यावर डोळ्याच्या आतच प्लास्टिकचे छोटे कृत्रिम भिंग बसवले जाऊ लागले होते. जाड चष्म्याची गरज संपली होती. परंतु असे एक भिंग शंभर डॉलरच्या वर किमतीचे. गरीब देशात, शिबिरात, सूक्ष्मदर्शकाखाली असले नाजूक काम करणे धोक्याचे, परवडणारही नाही, असे बऱ्याच जाणकारांचे मत होते. म्हणजे श्रीमंताला एक उपचार आणि गरिबाला दुसरा, हे जवळजवळ मान्य होऊन बसले होते.

दोन डॉक्टर

हे मान्य न करणारे दोघे जण होते. पहिले डॉ. संदुक रुइत. जन्म १९५४, नेपाळच्या ईशान्य टोकाला, कांचनजंगाच्या पायथ्याजवळच्या ओलांगचुंगगोला या दुर्गम गावी. जवळ शाळा नाही म्हणून वडिलांनी लहानग्याला कित्येक दिवस पायी चालवत दार्जिलिंगला नेऊन शाळेत घातले. पुढे बहीण क्षयाने गेली. औषध असून ते घरापर्यंत पोचत नाही, तेव्हा काय होते, हे त्या मुलाने घरातच पाहिले. रुइत यांनी एम.बी.बी.एस. लखनौला केले आणि नेत्रविद्येचे शिक्षण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत घेतले. भारतातच स्थिरावणे अवघड नव्हते. ते नेपाळला परतले.

दुसरे डॉ. फ्रेड हॉलोज. जन्माने न्यूझीलंडचे, काम ऑस्ट्रेलियात. स्वभावाने फटकळ, अन्याय दिसला की गप्प न बसणारे. १९७६ पासून त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी वस्त्यांत स्वयंसेवक नेत्रतज्ज्ञांना घेऊन खुपऱ्या आणि इतर नेत्ररोगांची तपासणी केली. एक लाखावर माणसे तपासली गेली. १९८५ मध्ये ते नेपाळात आले, तेव्हा या दोघांची गाठ पडली. पुढे रुइत सिडनीला त्यांच्याकडे काही काळ राहून कृत्रिम भिंग बसवण्याची आधुनिक शस्त्रक्रिया शिकले.

दोघांचे एका मुद्द्यावर एकमत होते. गरिबालाही तेच उत्तम ऑपरेशन मिळाले पाहिजे, आणि ते करणारे हात त्याच देशातले असले पाहिजेत. परदेशी डॉक्टर वर्षातून पंधरा दिवस येईल, मोतीबिंदू मात्र बाराही महिने येत राहणार. पाहुण्याने स्वतः शंभर ऑपरेशने करण्यापेक्षा दोन स्थानिक डॉक्टर तयार करून जावे, म्हणजे काम पुढे चालू राहते.

हॉलोज यांना १९८९ मध्ये मूत्रपिंडाचा कर्करोग झाल्याचे समजले. तरी ते थांबले नाहीत. १९९२ मध्ये त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली आणि फेब्रुवारी १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी पाहिलेले कारखाने त्यानंतर वर्षभरात उभे राहू लागले.

भिंग स्वस्त झाले, तेव्हा खरे काम सुरू झाले

काठमांडूला पशुपतिनाथाच्या मंदिराजवळ १९९४ च्या जूनमध्ये तिळगंगा नेत्र केंद्र सुरू झाले. त्याच्याच आवारात कृत्रिम भिंगे बनवण्याचा छोटा कारखाना निघाला. तसाच कारखाना आफ्रिकेतील एरिट्रिया या नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातही उभारला गेला. शंभर डॉलरच्या वरचे भिंग आता पाच डॉलरच्या आसपास मिळू लागले. मदुराईला अरविंद रुग्णालयाच्या ‘ऑरोलॅब’ने १९९२ पासून हेच काम भारतात सुरू केले होते. आपल्या जिल्ह्यातल्या शिबिरांत आज सामान्य माणसाला डोळ्यात भिंग बसवून मिळते, त्यामागे भिंगाच्या किमतीत झालेली ही मोठी घट आहे.

भिंगाबरोबर शस्त्रक्रियाही सोपी करावी लागली. श्रीमंत देशांत ‘फेको’ यंत्राने भिंगाचा चुरा करून तो शोषून घेतात. यंत्र महाग, दुरुस्ती अवघड, वीज अखंड हवी. शिवाय नेपाळात येणारे मोतीबिंदू वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेले, दगडासारखे घट्ट. रुइत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाका न घालता होणारी छोट्या छेदाची पद्धत घोटून बसवली. डोळ्याच्या पांढऱ्या भागात तिरकी, बोगद्यासारखी चीर द्यायची, त्यातून गढूळ भिंगाचा गाभा सबंध बाहेर घ्यायचा आणि भिंगाच्या मूळ पिशवीत नवे भिंग बसवायचे. चीर तिरकी असल्याने डोळ्याच्या आतल्या दाबानेच ती मिटते. तराईतल्या लहान गावच्या रुग्णालयात डॉ. आल्ब्रेख्ट हेनिग या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी याच पद्धतीचा आणखी एक प्रकार रूढ केला. तिथे वाकवलेल्या सुईने, गळाने मासा काढावा तसा, भिंगाचा गाभा ओढून घेतात. लहानला सीमेपलीकडून बिहारचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. म्हणजे गरीब देशाची ही सोय आपल्याही लोकांच्या कामी आली.

ही स्वस्त पद्धत म्हणजे हलकी पद्धत तर नव्हे? अशी शंका रास्त आहे. म्हणून तिळगंगेत १०८ रुग्णांवर तुलना करून पाहण्यात आली. निम्म्या रुग्णांवर अमेरिकेहून आलेल्या निष्णात सर्जनने यंत्राने शस्त्रक्रिया केली, निम्म्यांवर रुइत यांनी आपल्या पद्धतीने. २००७ मध्ये निष्कर्ष छापले गेले. सहा महिन्यांनंतर, योग्य चष्म्याचा नंबर दिल्यावर, दोन्ही गटांत शंभरापैकी अठ्ठ्याण्णव जणांना चांगले दिसत होते. यंत्राच्या शस्त्रक्रियेला सुमारे साडेपंधरा मिनिटे लागली, साध्या पद्धतीला नऊ. खर्चही साध्या पद्धतीत कमी. निष्णात हातांनी केली तर साधी पद्धत कुठे उणी पडत नाही, हे सिद्ध झाले.

डॉ. जेफ्री टॅबिन हे अमेरिकन नेत्रतज्ज्ञ एव्हरेस्ट चढून गेलेले गिर्यारोहक. ते नेपाळात आले आणि रुइत यांच्या हाताखाली शिकले. इथे शिकवणारा नेपाळी आणि शिकणारा अमेरिकन, हे विशेष. दोघांनी १९९५ मध्ये ‘हिमालयन कॅटॅरॅक्ट प्रोजेक्ट’ सुरू केला आणि हे काम पुढे हिमालयाच्या इतर भागांत व आफ्रिकेत नेले. रुइत यांना २००६ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये भारत सरकारने पद्मश्री दिली.

तिळगंगेचा कारभारही पाहण्यासारखा आहे. ज्याला परवडते तो पैसे देतो, ज्याला परवडत नाही त्याचे कमी खर्चात किंवा फुकट होते. ऑपरेशन मात्र सर्वांचे सारखेच. पैसे देणाऱ्यांच्या जोरावर संस्था उभी राहते, नुसत्या देणगीवर नाही.

डॉक्टर नसलेले स्वयंसेवक

सगळे अंधत्व मोतीबिंदूचे नसते. मुलांचे डोळे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने जातात. आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडून फुटते. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ठरावीक काळाने ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस दिलेल्या लहान मुलांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. डोळ्यांचे औषध जीवही वाचवते, हे दिसले. १९९३ पासून नेपाळने वर्षातून दोनदा हा डोस देण्याची मोहीम सुरू केली आणि २००२ पर्यंत ती सर्व जिल्ह्यांत पोचवली. हे काम केले ते गावोगावच्या महिला आरोग्य स्वयंसेविकांनी. त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात आहे. त्यांतल्या अनेकींचे शिक्षण बेताचे होते, पण गावातली मुले त्यांना नावानिशी ठाऊक.

भक्तपूर जिल्ह्यातला प्रयोग तर आपल्या प्रत्येक शेतकऱ्याने वाचावा असा आहे. भाताचे कुसळ, काडी, माती डोळ्याला लागून बुबुळावर ओरखडा उठतो. त्यात जंतू शिरले की जखम चिघळते आणि डोळ्यात पांढरे फूल पडते. डॉ. मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी गावातल्या आरोग्यसेवकांना एवढेच शिकवले की, डोळ्याला लागलेल्या माणसाची तपासणी करून ओरखडा असेल तर तीन दिवस जंतुनाशक मलम घालायचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : ओरखडा उठलेल्या ४४२ जणांपैकी ४२४ जणांचे डोळे जंतुसंसर्गाविना बरे झाले. लागल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांचे औषध सुरू झाले, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. एक दिवस उलटल्यावर, दुसऱ्या दिवशी आलेल्या ४९ जणांत मात्र १४ जणांची जखम चिघळली. ज्वारी-बाजरीच्या काढणीत, मळणीवर डोळ्यात कुसळ गेले तर ‘उद्या पाहू’ का म्हणू नये, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मोफत असूनही माणसे का येत नाहीत?

नेपाळात काम करणाऱ्यांना एका गोष्टीचे फार कोडे पडे. डॉक्टर आले, भिंग स्वस्त झाले, ऑपरेशन फुकट झाले, तरी मोतीबिंदूने अंध झालेले पुष्कळ लोक घरीच राहिले. विचारपूस केली तेव्हा कारणे समजली. खिशात वाटखर्चाला पैसे नाहीत. न्यायला सोबत कोणी नाही. कामाच्या दिवसांत मुलाची मजुरी बुडते. ऑपरेशनची भीती वाटते. ‘आता किती दिवस राहिले माझे, कशाला खर्च?’ ही म्हाताऱ्या माणसाची भावना. बायकांचे हाल आणखी. आजोबांना दिसेनासे झाले की घर जागे होते. आजी मात्र चुलीपुढे अंदाजाने भाकरी थापत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे वर्णन नेपाळचे असले तरी आपल्या गावांना अपरिचित नाही. यावर तिथे उपयोगी पडलेला उपाय सोपा होता. ज्या म्हातारीला दिसू लागले, तीच दुसऱ्या गावच्या म्हातारीला समजावू लागली. शंभर पत्रकांपेक्षा तिचा एक शब्द अधिक काम करतो.

या सगळ्याचे फळ काय? २०१० च्या पाहणीत नेपाळातील अंधत्वाचे प्रमाण हजारी आठहून अधिक होते ते साडेतीनवर आले. मधल्या काळात लोकसंख्या अडीच कोटींवर गेली होती. जुने प्रमाण टिकले असते तर अंधांची संख्या दोन लाखांच्या वर गेली असती. ती लाखाच्या आत राहिली. २०१८ मध्ये खुपऱ्यांचा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून नेपाळातून दूर झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. भारताला ती मान्यता २०२४ मध्ये मिळाली. तरीही नेपाळात अंधत्वाचे पहिले कारण आजही मोतीबिंदूच आहे, कारण दरवर्षी नवी माणसे म्हातारी होतात. हे काम एकदा करून संपणारे नव्हे.

आपण काय करावे?

१. मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचा जुना सल्ला आता विसरावा. जुन्या पद्धतीत पिकलेले भिंग काढणे सोपे जाई म्हणून तो सल्ला होता. आता रोजच्या कामात अडचण येऊ लागली की ऑपरेशन करता येते. फार पिकू दिल्यास ऑपरेशन कठीण होते आणि डोळ्यातला दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते.

२. वयाच्या चाळिशीनंतर वर्षा-दोन वर्षांनी डोळे तपासावेत. मधुमेह असेल तर दरवर्षी, बाहुली मोठी करून मागचा पडदाही तपासून घ्यावा. दिसणे कमी झाले म्हणजे मोतीबिंदूच, असे घरबसल्या ठरवू नये. काचबिंदू निघाला तर वेळ गमावणे महागात पडते.

३. घरातल्या वृद्धांचा एकेक डोळा हाताने झाकून दुसऱ्या डोळ्याने समोरच्या माणसाची बोटे मोजायला सांगावी. एका डोळ्याने दिसत असल्यामुळे दुसरा गेल्याचे पुष्कळांना कळतच नाही. आजीची ही परीक्षा आधी घ्यावी.

४. शिबिरात जाताना ते कोण भरवते, ऑपरेशन कुठे होणार, नंतरची तपासणी कोण करणार, हे विचारावे. शिबिरात तपासणी आणि रुग्णालयात ऑपरेशन, ही सोय उत्तम. शाळेच्या खोलीतल्या ऑपरेशनचा काळ गेला.

५. ऑपरेशनपूर्वी साखर व रक्तदाब आटोक्यात आणावा. चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावीत. डोळ्यातून पू किंवा घाण येत असेल, अंगात ताप असेल तर लपवू नये.

६. ऑपरेशननंतर डोळा चोळू नये, त्यात पाणी जाऊ देऊ नये, सांगितलेले थेंब हात धुऊन वेळच्या वेळी घालावेत. दुखणे वाढले, लाली वाढली किंवा आधी दिसत होते ते कमी झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

७. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागल्यास ‘मोतीबिंदू परत आला’ असे समजून निराश होऊ नये. नव्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालेली असू शकते. लेसर किरणांनी काही मिनिटांत ती साफ होते.

८. डोळ्याला कुसळ, काडी, खडा लागल्यास मध, दूध, पानांचा रस, घरात पडून असलेले जुने थेंब काहीही घालू नये. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कण काढण्याचा प्रयत्न नको. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

९. तिळगंगेची नेत्रपेढी पशुपतिनाथाच्या घाटाजवळ आहे. अंत्यसंस्काराला आलेल्या नातेवाइकांशी तिथले कार्यकर्ते हळुवारपणे बोलतात आणि त्यांच्या संमतीने नेत्रदान घडते. आपणही घरात ही गोष्ट आधीच बोलून ठेवावी. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या माणसालाही नेत्रदान करता येते.

नेपाळात डोंगरावरून आंधळ्या आईला पाठीवरच्या डोक्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, बसवून मुलगा दोन-दोन दिवस चालत शिबिराला आणतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावाला एस.टी. जाते, जिल्हा रुग्णालयात मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. डॉक्टर आहेत, भिंगही आहे. म्हाताऱ्या माणसाचा हात धरून त्याला तिथवर नेणारे कोणीतरी हवे, आणि ते काम घरातल्याच माणसाचे आहे.